जोडीदाराला 40 गुण

कॅनडात कायमचं राहायला जायचं तर एक्स्प्रेस एंट्री नावाची निवड पद्धत आहे, तिच्यात एकूण गुण 1200. नवरा-बायको दोघं मिळून जाणार असतील तर एक जण प्रमुख अर्जदार आणि दुसरा त्याच्या सोबत येणारा. या सोबत येणाऱ्याच्या वाट्याला जास्तीत जास्त 40 गुण. भाषेचे 20, शिक्षणाचे 10 आणि कॅनडात आधी काम केलं असेल तर त्याचे 10. पुण्याहून पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला कॅनडातला अनुभव कुठून येणार? म्हणजे हातात राहिले 30. सरकारला ढीगभर अर्जांतून माणसं निवडायची असतात, त्याने असा हिशेब मांडला तर मी समजू शकते. पण हाच हिशेब आपल्या घरात, जेवणाच्या टेबलावर, शहर निवडताना लावला जातो. तो मला अजिबात मान्य नाही.

'टोरांटो की कॅल्गरी?' हा प्रश्न घेऊन मला सारखे फोन येतात. मी मिसिसॉगात राहते, टोरांटोला खेटून, आणि माझी जवळची बरीच माणसं कॅल्गरीत आहेत. फोन करणारा जवळजवळ नेहमी नवरा असतो. मी मुद्दाम विचारते, 'ती आहे का तिथे? तिला दे ना.' उत्तर येतं, 'ती मुलाला झोपवतेय ताई, तुम्ही मला सांगा, मी तिला सांगतो.'

कोथरूडच्या अशाच एकाने मला एक्सेल शीट पाठवली. मुलगा हुशार आहे, बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगला मुरलेला. शीटही नीटनेटकी. एका बाजूला टोरांटो, दुसऱ्या बाजूला कॅल्गरी आणि मधे ओळी: पगार, भाडं, कर, घरांच्या किमती, थंडी, विमानाचं तिकीट, महाराष्ट्र मंडळ, भारतीय किराणा. कार इन्शुरन्सचीसुद्धा ओळ होती. बायको बीडीएस, स्वतःचा दवाखाना चालवणारी. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी चार पूर्ण करणार. तिच्या कामाची एकही ओळ त्या शीटमध्ये नव्हती. विचारलं तर म्हणाला, 'तिचं नंतर बघू ना ताई. तिच्या परीक्षा वगैरे फार मोठं प्रकरण आहे. आधी मी सेटल होतो.'

प्रकरण मोठं आहे म्हणूनच ते आधी बघायचं असतं. त्याची नोकरी गेली तर तो महिन्या-दोन महिन्यांत दुसरी शोधेल. त्याच्या कामाला कोणाचं लायसन्स लागत नाही, आणि लॅपटॉप कुठेही उघडतो. जिचं काम प्रांताच्या कायद्याला, परीक्षेच्या तारखेला आणि शाळेच्या घंटेला बांधलेलं असतं, तिच्यासाठी शहर निवडायचं असतं. तिचं शहर चुकलं की पाच वर्षं जातात, आणि त्यानंतर बरेचदा ती आपल्या कामाचं नावच काढत नाही. मी अशा बायका पाहिल्या आहेत. एकेकाळी ज्यांच्या दवाखान्याबाहेर पेशंट ताटकळत बसायचे, त्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालतात आणि विचारलं की म्हणतात, 'आता काय, मुलं मोठी झाली की बघू.'

दंतवैद्यकाचंच घेऊ. बाहेरून शिकून आलेल्या दंतवैद्यांची परीक्षा नॅशनल डेंटल एक्झामिनिंग बोर्ड घेतं आणि ती सगळ्या देशाला एकच आहे. आधी ज्ञानाची परीक्षा, मग निर्णयक्षमतेची, मग ओटावाला जाऊन प्रत्यक्ष हाताने काम करून दाखवायचं. खर्च हजारो डॉलरचा. म्हणजे परीक्षेपुरतं बघितलं तर टोरांटो काय आणि कॅल्गरी काय, सारखंच, एवढाच फरक की टोरांटोहून ओटावाला सकाळच्या ट्रेनने जाता येतं आणि कॅल्गरीहून चार तासांचं विमान पकडावं लागतं. खरा फरक परीक्षा होईपर्यंतच्या काळात पडतो. त्या दोन-तीन वर्षांत ती काय करणार? कॅल्गरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात डेंटल असिस्टंटचं काम कायद्याने नियमनाखाली आहे, त्यांचं स्वतंत्र कॉलेज, म्हणजे नियामक संस्था, आहे, तिथे नोंदणी झाल्याशिवाय त्या खुर्चीशेजारी उभंही राहता येत नाही. टोरांटोच्या प्रांतात, ऑन्टारियोत, डेंटल असिस्टंट नियमनाखाली येत नाहीत. एक्स-रे काढायला वेगळं प्रमाणपत्र लागतं, पण डॉक्टरच्या हाताशी राहून काम करता येतं. बीडीएस झालेल्या बाईला असिस्टंट म्हणून उभं राहणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. पण दवाखान्यात राहिली तर इथली औषधं, इथले विमे, इथल्या पेशंटची बोलण्याची तऱ्हा, इथला कागदोपत्री व्यवहार सगळं तिच्या अंगवळणी पडतं. अभ्यास सुटत नाही. हात विसरत नाही. दुसऱ्या कुठल्या कामाला लागली की दोन्ही सुटतं.

त्याच्या शीटमध्ये विक्रीकराची ओळ होती. अल्बर्टाचं कौतुक करणारा प्रत्येक जण याच ओळीपासून सुरुवात करतो: ऑन्टारियोत 13 टक्के, अल्बर्टात प्रांताचा विक्रीकरच नाही, फक्त केंद्राचा 5. खरं आहे. पण भाड्याने राहायच्या घरावर हा कर दोन्हीकडे नाही. तांदूळ, डाळ, दूध, भाजी यांवरही दोन्हीकडे नाही. महिन्याला 2000 डॉलरची करपात्र खरेदी धरली तर फरक 160 डॉलरचा. या 160 डॉलरवर शहर ठरवणाऱ्या माणसाने शाळेचा विचारही केलेला नसतो.

शाळेचा हिशेब असा आहे. ऑन्टारियोत ज्या वर्षी मुलाला चार पूर्ण होतात, त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ते सरकारी शाळेत जाऊ शकतं. पूर्ण दिवस, फुकट. ज्युनियर किंडरगार्टन आणि सीनियर किंडरगार्टन अशी दोन वर्षं. 2014 पासून प्रांतातल्या सगळ्या सरकारी शाळांत हीच पद्धत आहे. अल्बर्टात सरकारी किंडरगार्टन एकाच वर्षाचं, मूल पाच पूर्ण करतं त्या वर्षी, आणि बहुतेक ठिकाणी अर्ध्या दिवसाचं. आता चार वर्षांच्या मुलाच्या आईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मिसिसॉगात ती सकाळी पावणेनऊला मुलाला शाळेच्या दाराशी सोडते आणि साडेतीनपर्यंत मोकळी असते. अभ्यासिकेत बसते, दवाखान्यात अर्धवेळ काम करते, जे करायचं ते करते. कॅल्गरीत त्या वर्षी मूल घरी, नाहीतर डेकेअरमध्ये. अल्बर्टाने 2025 च्या एप्रिलपासून लायसन्स असलेल्या डेकेअरची पूर्णवेळ फी महिन्याला 326 डॉलरवर आणली, ते चांगलंच केलं. पण जागा मिळाली तर ना! नव्याने उतरलेल्या घराचं नाव यादीत सगळ्यात खाली असतं. पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली तरी साडेअकराला पोर परत दारात. साडेनऊला सुरू होऊन अकराला संपणारी नोकरी कोणी देत नाही.

आता तिच्या पायांबद्दल. पुण्यात तिच्याकडे अ‍ॅक्टिव्हा आहे. दवाखाना, मंडई, आईकडे, मुलाच्या शाळेत, कुठेही जायचं तर किल्ली उचलली की निघाली. कोणाला विचारावं लागत नाही. कॅनडात उतरली की पहिल्या दिवशी हे संपतं. दुचाकीच्या लायसन्सवर चारचाकी मिळत नाही, आणि चारचाकीचं लायसन्स नवीन असेल तर ऑन्टारियोत जी-वनपासून सुरुवात. म्हणजे शेजारच्या सीटवर किमान चार वर्षं लायसन्स असलेला माणूस बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. तो माणूस म्हणजे नवरा, आणि नवऱ्याचं स्वतःचंच लायसन्स अजून व्हायचं असतं. पुढच्या परीक्षेसाठी वर्षभर थांबायचं, मान्यताप्राप्त कोर्स केला तर आठ महिने. अल्बर्टातही शिकाऊ लायसन्सवर वर्ष काढावं लागतं आणि शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस लागतोच. म्हणून पुण्यात असतानाच सांगते: चारचाकीचं लायसन्स जुनं असेल तर निघण्याआधी आरटीओकडून तसं अधिकृत पत्र घ्या, तिच्या नावाचंसुद्धा. अनुभव कागदावर सिद्ध झाला की इथला बराचसा थांबा वाचतो. नवरे स्वतःचं पत्र आठवणीने आणतात.

लायसन्स येईपर्यंत बस आणि मेट्रो हेच पाय. इथे टोरांटोचं पारडं इतकं जड आहे की तुलनाच होत नाही. टोरांटोची सबवे 1954 पासून धावते. 2024 च्या फेब्रुवारीपासून एकाच तिकिटात टोरांटोची सबवे, उपनगरी गो ट्रेन, मिसिसॉगाची आणि शेजारच्या ब्रॅम्प्टनची बस असं बदलत जाता येतं, दुसऱ्या तिकिटाचे पैसे पडत नाहीत. सबवेत 12 वर्षांपर्यंतचं मूल फुकट. ही व्यवस्था परिपूर्ण नाही. टोरांटोतल्या एग्लिंटन रस्त्याच्या नव्या लाइनचं काम 2011 ला सुरू झालं, 2020 ला गाडी धावणार होती, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या रस्त्यावरचे दुकानदार खड्ड्यांकडे बघत बसले. पण बिनगाडीची बाई टोरांटोत घरात अडकत नाही. कॅल्गरीला सी-ट्रेन आहे, 1981 पासून, आणि चांगली आहे, डाउनटाउनमध्ये तर फुकट. मात्र शहर चहूबाजूंनी माळावर पसरलेलं. नवीन वसाहतींमध्ये घर स्वस्त मिळतं ते याच कारणाने. स्टेशनपर्यंत आणणारी बस अर्ध्या तासाने येते, आणि जानेवारीत उणे 25 मध्ये मुलाला बाबागाडीत घेऊन अर्धा तास उभं राहता येत नाही. एकदा उभी राहिलेली बाई दुसऱ्यांदा जात नाही. मग दिवस घरात. नवरा संध्याकाळी येतो आणि म्हणतो, 'तू बाहेर पडतच नाहीस.'

घराचं म्हणाल तर कॅल्गरीच्या बाजूने बोलायला खूप आहे, आणि ते मी मनापासून बोलते. टोरांटो परिसरात घराची सरासरी किंमत गेली काही वर्षं 10 लाख डॉलरच्या आसपास आणि वर फिरते आहे. कॅल्गरीत 6 लाखांच्या आसपास. टोरांटोत घर घेतलं तर प्रांताचा लँड ट्रान्सफर टॅक्स आणि शहराचा वेगळा, असे दोन द्यायचे. अल्बर्टात तो टॅक्सच नाही. दोन सामान्य पगारांवर अंगण असलेलं घर कॅल्गरीत आजही होतं. टोरांटोत नव्या कुटुंबाच्या नशिबी बहुतेक वेळा ब्रॅम्प्टनमधलं बेसमेंट येतं.

ते बेसमेंट कसं असतं ते सांगते, कारण व्हिडिओ कॉलवर ते कोणी दाखवत नाही. बाजूच्या दाराने आत शिरायचं, अरुंद जिन्याने खाली. छत इतकं खाली की उंच माणूस दिव्याखाली मान वाकवतो. खिडकी भिंतीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या जमिनीच्या पातळीत. जोराचा बर्फ पडला की ती पांढरी होते आणि दुपारी दोनला दिवा लावावा लागतो. कपडे धुवायचं मशीन घरमालकाच्या सोयीच्या वारी. वरती त्यांची मुलं पळतात ते डोक्यावर वाजतं. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो आणि रात्री येतो, त्याला हे घर अंधारातच दिसतं. दिवसाचं ते घर फक्त तिला माहीत असतं. म्हणून टोरांटो निवडायचं तर ब्रॅम्प्टनचं स्वस्त बेसमेंट घेऊ नका. लहान असेना, सबवेपासून चालत जाता येईल असं जमिनीवरचं किंवा इमारतीतलं घर घ्या. भाड्यात चारशे-पाचशे डॉलर जास्त जातील. जाऊ देत. आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत: ऑन्टारियोत दरवर्षी भाडं किती वाढवता येतं याला सरकारची मर्यादा आहे, पण 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ती लागू नाही. चकचकीत नवी काँडो बघून भुलणारे दुसऱ्या वर्षी तोंडावर आपटतात. जुनी इमारत बघा. अल्बर्टात तर अशी मर्यादाच नाही, वर्षातून एकदाच वाढवायची एवढाच नियम, वाढवायची कितीही.

कॅल्गरीची स्वस्ताई गुपित राहिलेली नाही. 2022 मध्ये अल्बर्टा सरकारने 'अल्बर्टा इज कॉलिंग' नावाची मोहीम काढली आणि थेट टोरांटोच्या मेट्रो स्टेशनांत जाहिराती लावल्या. लोक गेले. 2023 या एका वर्षात दुसऱ्या प्रांतांतून अल्बर्टात येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांपेक्षा 55 हजारांनी जास्त होती, आणि 1970 च्या दशकात असे आकडे ठेवायला लागल्यापासून कुठल्याच प्रांताने एका वर्षात एवढी माणसं मिळवली नव्हती. भाडीही त्याच वेगाने चढली. घराच्या बाबतीत पुण्यात बसून दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवरून कॅल्गरी ठरवू नका.

नवऱ्याच्या नोकरीचा मुद्दा मी उडवून लावत नाही, घर चालायचं आहे. बँका, विमा, त्यांचं सॉफ्टवेअर असेल तर टोरांटो, यात चर्चाच नाही. देशातल्या मोठ्या बँकांचा कारभार तिथून चालतो. ठाण्या-पुण्याच्या प्रकल्प कंपन्यांत पाइपिंग, इन्स्ट्रुमेंटेशन, प्रोसेस डिझाइन केलेल्या इंजिनियरला मात्र मी डोळे मिटून कॅल्गरी सांगते. सनकोर, सेनोव्हस, एनब्रिज यांची मुख्यालयं तिथे आहेत, आणि त्याचं काम जाणणारी माणसं तिथे आहेत. पण एक तिखट गोष्ट त्यालाही सांगते. 2014 च्या मध्यात 100 डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली आलं. त्या वर्षाच्या शेवटी कॅल्गरीतली बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली, डाउनटाउनमधल्या टॉवरांचे मजलेच्या मजले रिकामे पडले, आणि आज शहर त्यातल्या काही इमारतींची घरं करतंय. नवरा-बायको दोघांचंही पोट तेलावर असेल तर कॅल्गरीत एकाच दिवशी दोन्ही पगार थांबू शकतात. एकाचा तेलावर आणि दुसरीचा शाळेत, हॉस्पिटलात, पालिकेत असला तर ते घर तगतं. 2015-16 मध्ये माझ्या ओळखीतली अशीच घरं टिकली. म्हणजे कॅल्गरीतसुद्धा तिच्या कामाचा विचार आधी करावा लागतो. त्याचं सगळं नीट चाललेलं असताना तिचं काम अडगळीत टाकलं तर पडत्या काळात घराला आधार कुठून येणार?

थंडीवर लोक अर्धा तास बोलतात, मी दोन वाक्यांत आटपते. कॅल्गरी टोरांटोपेक्षा जास्त थंड, पण कोरडी, आणि भर जानेवारीतही तिथे ऊन असतं, देशातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात जास्त. चिनूक नावाचा उबदार वारा सुटला की काही तासांत पारा 20 अंशांनी वर जातो. टोरांटोचा हिवाळा मऊ पण काळवंडलेला असतो, आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आणि जी दिवसभर घरात आहे तिच्या मनावर त्याचा परिणाम होतो, हे मी टोरांटोच्या बाजूची असूनही मान्य करते. ईशान्य कॅल्गरीत, जिथे आपल्याकडची माणसं जास्त राहतात, गारपिटीचा धोका मोठा आहे. 2020 च्या जूनमध्ये आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथे घरांच्या भिंती आणि छपरं गारांनी फोडली, दोन्ही वेळा नुकसान 100 कोटी डॉलरच्या वर. घर घेताना विम्याचा हप्ता आधी विचारा.

घड्याळाकडे मात्र कोणी बघत नाही. सकाळी नवरा कामावर गेला, मूल शाळेत गेलं की ती आईला फोन लावते. टोरांटोत हिवाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात. दिवेलागण होऊन गेलेली, आई निवांत, बाबा बातम्या लावून बसलेले. कॅल्गरीत नऊ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ. बाबांचा डोळा लागलेला असतो, आई हळू आवाजात बोलते आणि पाच मिनिटांत म्हणते, 'उद्या बोलू गं.' दोन-तीन वर्षं रोज हेच. नवऱ्याच्या शीटमध्ये 'वेळेतला फरक' अशी ओळ असेलही, पण ती ऑफिसच्या मीटिंगसाठी.

आणि महाराष्ट्र मंडळाची ओळ काढून टाका. गणपती दोन्हीकडे बसतो, दिवाळी अंक दोन्हीकडे येतात, मोदकांना दोन्हीकडे रांग लागते. टोरांटोत माणसं जास्त, म्हणून गर्दी. कॅल्गरीत कमी, म्हणून ओळख लवकर होते. वर्षातल्या चार कार्यक्रमांवर तीनशे एकसष्ट दिवस ठरवू नयेत.

एका गोष्टीवर मी कडक बोलते. प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, मिळालं की एक्स्प्रेस एंट्रीत 600 गुण वाढतात. म्हणून अल्बर्टाचं नॉमिनेशन घ्यायचं, 'आम्ही अल्बर्टात राहणार' असं लिहून द्यायचं आणि टोरांटोच्या विमानतळावर उतरून तिथेच राहायचं, असा सल्ला एजंट राजरोस देतात. कायमचा रहिवासी झालेल्या माणसाला देशात कुठेही जाऊन राहायचा हक्क राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेने, तिच्या सहाव्या कलमाने दिला आहे, हे खरं. पण सही करताना तुमचा तिथे राहायचा विचारच नव्हता हे सिद्ध झालं तर ती खोटी माहिती ठरते, आणि त्याची शिक्षा पाच वर्षांची बंदी. ही सही पण दोघांच्या नावावर जाते. 600 गुण कोणी आणले आणि बंदी कोणाकोणावर आली, याचा हिशेब नंतर घरात होतो. ज्या प्रांतात राहायचं नाही त्याचं नॉमिनेशन मागू नका.

अनेक घरांत बायको वयाने लहान, तिशीच्या आतली असते, आणि तिचा इंग्रजीचा स्कोअर नवऱ्यापेक्षा चांगला असतो. वयाचे सगळ्यात जास्त गुण 20 ते 29 मध्ये मिळतात, पुढे दरवर्षी कमी होत जातात. म्हणून कागदावर ती प्रमुख अर्जदार असते आणि तिच्या गुणांवर सगळं घर कॅनडात येतं. तरी शहर ठरतं ते त्याच्या नोकरीवरून. अशी घरं मला माहीत आहेत, एक नाही, बरीच. जिच्या गुणांवर आलात तिला तरी विचारा.

कोथरूडच्या त्या मुलाला मी काय सांगितलं? टोरांटो, आणि टोरांटोच. पहिली तीन-चार वर्षं घर विकत घ्यायचं नाव काढायचं नाही. सबवेजवळ जुन्या इमारतीत भाड्याने राहा, मुलाला सप्टेंबरपासून शाळेत घाला, तिला दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागू दे, आणि परीक्षेची पहिली फी तिच्या साठलेल्या पैशांतून न जाता तुझ्या पहिल्या पगारातून जाऊ दे. तो गप्प झाला आणि म्हणाला, 'म्हणजे कॅल्गरीचं घर गेलंच की.'

गेलेलं नाही. कॅनडाच्या प्रांतांमध्ये मुक्त व्यापाराचा करार आहे, 2017 पासूनचा, आणि त्यात कामगारांच्या हालचालीचं कलम आहे. एका प्रांतात लायसन्स मिळालेल्या व्यावसायिकाला दुसऱ्या प्रांताने मुळापासून परीक्षा द्यायला लावायची नसते, नोंदणी करून घ्यायची असते. म्हणजे तिला एकदा ऑन्टारियोत दंतवैद्य म्हणून लायसन्स मिळालं की कॅल्गरीचं दार तिच्यासाठी उघडं आहे, आणि तेव्हा तिच्या पगारावर ते अंगणाचं घर त्यांना जास्त सहज झेपेल. आधी कॅल्गरीला जाऊन घर घेतलं, हप्ते सुरू झाले, मूल अर्ध्या दिवसाच्या शाळेत, ती घरात, आणि मग कधीतरी परीक्षा, असं उलट्या क्रमाने जमलेलं मी अजून कोणाचं पाहिलेलं नाही. तिचं लायसन्स आधी, कॅल्गरी नंतर.